नव्या वसाहतींची विजेची बेगमी



अमरावतीहून राहाटगांवाकडे किंवा कठोऱ्याकडे गेलें, अगर अकोल्यास कौलखेड, खडकी, मलकापूर, उमरी या बाजूंस गेलें, तर काल-परवांपर्यंत जेथें पऱ्हाटी उभी होती तेथें आज आंखलेले भूखंड दिसतात. तोंडाशीं वसाहतीच्या नांवाची कमान असते. आंत रस्त्यांची रुंदी ठरलेली, बगीच्याची जागा ठरलेली, देवळाची जागाही बहुधा ठरलेलीच. परंतु या वसाहतीस वीज कोठून येणार, किती येणार, आणि सर्व घरें बांधून झाल्यावर ती पुरणार कीं नाहीं, हें नकाशावर क्वचितच आढळतें. 'लाइट येणारच,' असें विकणारा सांगतो व घेणारा तें मान्य करतो.

याच प्रश्नासंबंधीं आज मला चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. मी इंजिनिअर नव्हे. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण आणि आयुष्यभर मुलांस त्रैराशिक शिकविण्याचा धंदा, एवढेंच माझें भांडवल. पण हा विषय समजावयास त्रैराशिकाहून फारसें अधिक गणित लागत नाहीं. आणि तें गणित गृहस्थांनीं स्वतः मांडून पाहिलें नाहीं तर पुढें वीस-पंचवीस वर्षें त्याचा भुर्दंड त्यांनाच सोसावा लागतो. माझें म्हणणें प्रथमच थोडक्यांत सांगतों. एखाद्या वसाहतीचा वीजपुरवठा बरा कीं वाईट, हें तिच्या पहिल्या घरावरून ठरवूं नये. तारेच्या अगदीं शेवटच्या घरीं, मे महिन्यांत, रात्रीं दहा वाजतां पंखा कसा फिरतो, यावरून तें ठरवावें. आणि तेंही पहिल्या वर्षीं नव्हे, वसाहत भरून वीस वर्षें झाल्यावर. ही परीक्षा जी योजना उतरेल तिलाच टिकाऊ योजना म्हणावें.

आपल्या या दोन शहरांस वीज नवी नाहीं. राज्याचें वीज मंडळ येण्यापूर्वीं १९१० च्या कायद्याखालीं परवाने घेतलेल्या खासगी कंपन्या येथें वीज पुरवीत असत. त्या काळीं घरांतील वीज म्हणजे मुख्यतः दिवा, आणि सुखवस्तु घरीं एखादा पंखा. १९४८ च्या कायद्यानें प्रांतोप्रांतीं वीज मंडळें स्थापण्याची वाट मोकळी झाली. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झालें. आणि २००५ सालीं त्या मंडळाचीं निर्मिति, पारेषण व वितरण हीं कामें वेगवेगळ्या कंपन्यांकडे जाऊन आपल्या दाराशीं येणारी वीज 'महावितरण'कडे आली.

विजेचे कारखानेही आपल्यापासून दूर नाहींत. अकोला जिल्ह्यांत बाळापूर तालुक्यांतील पारस येथें औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथील जुने लहान संच कालांतरानें बंद झाले, आणि २००८ व २०१० या सालीं प्रत्येकीं २५० मेगावॉटचे दोन मोठे संच चालू झाले. अमरावतीजवळ नांदगांवपेठ येथें १,३५० मेगावॉट क्षमतेचें खासगी केंद्र आहे. तेव्हां पुष्कळ लोक विचारतात, 'कारखाने उशाशीं असतां आमच्या घरीं दिवा मंद कां?' याचें उत्तर अकोलेकरांस तरी सहज पटावें. काटेपूर्णेचें धरण भरलें म्हणून अकोल्यांतील प्रत्येक नळास त्या दिवशीं पाणी येतेंच असें नाहीं. धरण आणि नळ यांच्यामध्यें टांकी आहे, नळाची जाडी आहे, गळती आहे. विजेचेंही तसेंच आहे. कारखान्यांत निर्माण होणारी वीज एका दारासाठीं नसून सर्व राज्याच्या जाळ्यांत पडते. तेथून ती लाखों व्होल्टच्या दाबानें मोठ्या उपकेंद्रांत येते; तेथें दाब उतरून तेहतीस हजार, पुढें अकरा हजार, आणि शेवटीं आपल्या गल्लींतील रोहित्रांत, म्हणजे ज्याला आपण सरसकट डी. पी. म्हणतों त्यांत, घरगुती २३० व्होल्ट होतो. यांतील शेवटचा टप्पा, डी. पी. पासून घराच्या मीटरपर्यंतचा, लांबीनें सर्वांत लहान. पण नव्या वसाहतीचें सुखदुःख बहुतांशीं त्यावरच अवलंबून असतें.

२००५ सालापासून पुढें कित्येक वर्षें आपण भारनियमन भोगलें. तें दुखणें निराळें होतें. तेव्हां मुळांतच वीज अपुरी होती. आजचा ताप असा कीं, वरती वीज आहे, पण ती शेवटच्या घरापर्यंत धड पोंचत नाहीं. हा ताप सरकारच्या एखाद्या मोठ्या कारखान्यानें बरा होणारा नाहीं. त्यासाठीं वसाहतीची आंखणी करतांनाच हिशेब करावा लागतो.

आतां हा हिशेब पाहूं. शंभर घरांची एक वसाहत कल्पावी. प्रत्येक घरीं दिवे, पंखे, फ्रीज मिळून एका वेळीं चारशें वॉट, आणि उन्हाळ्यांत कूलरचे अंदाजें दोनशें वॉट, असे सहाशें वॉट धरूं. शंभर घरांचे साठ किलोवॉट झाले. शंभर के. व्ही. ए. ची डी. पी. हा भार निर्धास्त वाहूं शकेल. आतां दहा वर्षांनीं काय होतें? मुलगा नोकरीस लागतो, सून घरीं येते, आणि कूलरच्या जागीं वातानुकूल यंत्र बसतें. दीड टनाचें यंत्र सुमारें दीड किलोवॉट खातें. म्हणजे सात-आठ कूलरांइतकें. प्रत्येक घरीं असें एकच यंत्र धरलें तरी दर घरचा भार एकोणीसशें वॉट आणि वसाहतीचा एकशें नव्वद किलोवॉट होतो. घरें तींच, माणसें जवळजवळ तींच, पण भार तिपटीहून अधिक. शंभराची डी. पी. तर गेलीच, पण दोनशेंचीही पुरी पडत नाहीं.

एवढ्यानें भागत नाहीं. तारेंतून जाणारा प्रवाह वाढला कीं तारेंत उष्णतेच्या रूपानें होणारा नाश त्या प्रमाणांत वाढत नाहीं, तर वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. प्रवाह दुप्पट तर नाश चौपट. प्रवाह तिप्पट तर नाश नऊपट. वरील उदाहरणांत त्याच तारेंतील नाश सुमारें दसपट होतो. ही वीज कोळसा जाळून निर्माण केलेली, कोणाच्याही घरीं उपयोगास न आलेली, केवळ तारा तापवून गेलेली असते. आणि तार जितकी लांब व बारीक, तितका शेवटच्या घरीं दाब कमी. नियमाप्रमाणें घरगुती पुरवठ्यांत सहा टक्क्यांची घट क्षम्य मानतात. म्हणजे २३० च्या जागीं २१६ पर्यंत. एकाच रोहित्रावरून लांबच्या लांब ओढलेल्या तारेच्या टोंकाशीं हा दाब त्याहूनही पुष्कळ खालीं जातो, आणि मग मोटरी गुरगुरतात पण फिरत नाहींत.

येथें एखादा जाणकार म्हणेल, सर्व घरांचीं सर्व यंत्रें कांहीं एकाच वेळीं चालत नाहींत. तें खरें आहे, आणि वीजजाळ्याची आंखणी करणारे याच आधारावर एकंदर भारांतून कांहीं अंश वजा करतात. एका घरीं कपडे धुण्याचें यंत्र चालू असतां दुसऱ्या घरीं तें बंद असतें. परंतु आमच्या वऱ्हाडांत ही वजाबाकी मोठ्या जपून करावी लागते. मे २०२० मध्यें अकोल्यास पारा ४७.४ अंशांवर गेला होता. मे २०२४ मध्यें उष्म्यामुळें अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांस कलम १४४ लागू करून कामगारांची सावली-पाणी व शिकवणीवर्गांच्या वेळा यांविषयीं आज्ञा काढाव्या लागल्या. अशा दिवसांत रात्रीं दहा वाजतां भिंतींतून वाफा येत असतात, आणि तेव्हां प्रत्येक घराचा कूलर, प्रत्येक घराचें यंत्र एकदमच चालू असतें. कोणी स्वेच्छेनें बंद ठेवील ही आशा व्यर्थ. दुसरें उदाहरण पाण्याचें. जेथें नळास कांहीं दिवसांआड पाणी येतें तेथें पाण्याच्या वेळेस सर्व वसाहतीचे टिल्लू पंप एका ठोक्यास सुरू होतात. म्हणून आपल्याकडे वसाहतीचा भार मोजावयाचा तो मे महिन्याच्या रात्रीचा आणि पाण्याच्या वेळेचा. वर्षाची सरासरी काढून नव्हे.

त्याच उष्म्याचा दुसरा फटका खुद्द रोहित्रास बसतो. रोहित्राच्या आंत तेल असतें. आंतील तारांची उष्णता त्या तेलावाटे बाहेरच्या हवेंत जाते. हवाच तापलेली असली तर उष्णता जाणार कोठें? आपल्याकडील मानकें बाहेरची हवा जास्तींत जास्त पन्नास अंश धरून रोहित्रें घडवितात, हें ठीक. पण तींच मानकें दिवसरात्रीची सरासरी चाळीस अंशांहून अधिक नसावी असेंही गृहीत धरतात. दुपारचे पंचेचाळीस-सत्तेचाळीस आणि रात्रींही न निवणारी हवा, अशा आठवड्यांत रोहित्रास विश्रांति मिळत नाहीं. नेहमींच्या मर्यादेपलीकडे आंतील उष्णता सहा अंशांनीं वाढली तर तारांवरील कागदी वेष्टणाचें आयुष्य निम्म्यावर येतें, असा ठोकताळा आहे. तेव्हां पंचवीस वर्षें टिकावयाचें रोहित्र आठ-दहा वर्षांत जळालें तर त्यांत नवल नाहीं, आणि नेमकें तें मे महिन्यांतच जळतें यांतही नाहीं.

आपल्या जमिनीचाही विचार हवा. कपाशीची काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत हातभर भेगा टाकते. तींत वरवर पुरलेला खांब दोन-चार वर्षांत कलतो, तारा ढिल्या पडून वाऱ्यांत एकमेकींस लागतात. जमिनीखालून केबल नेली तर तिच्या जोडांवर याच हालचालीचा ताण येतो. उन्हाळ्यांत माती कोरडी पडली कीं अर्थिंग निकामी होऊं लागतें. कारण विजेस जमिनींत उतरावयास ओल लागते. आणि पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत, जो अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून गेला आहे, मातींतील क्षार अर्थिंगची लोखंडी नळी खाऊन टाकतात. वरून सर्व ठीक दिसतें आणि खालीं नळीच उरलेली नसते. पुण्या-मुंबईच्या नमुन्यावरून काढलेल्या अंदाजपत्रकांत या गोष्टी येत नाहींत. त्या येथल्या माणसांनींच सांगावयास हव्यात.

मग हें सर्व पाहावयाचें कोणीं? कायदा काय म्हणतो तें थोडें ऐका. २००३ च्या वीज कायद्याच्या ४३ व्या कलमानें, मागणी केल्यापासून महिन्याच्या आंत वीज देणें हें वितरण करणाऱ्याचें कर्तव्य ठरविलें आहे. परंतु जेथें मुख्य तारा वाढवाव्या लागतात किंवा नवें उपकेंद्र उभारावें लागतें, तेथें ती मुदत तें काम होईपर्यंत लांबते. नवी वसाहत नेमकी या अपवादांत बसते. शिवाय आपल्याकडे गुंठेवारी आहे. शेताचे तुकडे गुंठ्यांवर विकले गेले, लोकांनीं आयुष्याची पुंजी घालून घरें बांधलीं, आणि मागाहून २००१ च्या गुंठेवारी कायद्यानें व त्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनें तीं नियमित करण्याची सोय झाली. अकोल्याची हद्द २०१६ सालीं वाढून चोवीस गांवें महापालिकेंत आलीं. कायद्यानें घर नियमित झालें, गांव शहरांत आलें. पण गांवाच्या बेतानें ओढलेली तार कायद्यानें जाड होत नाहीं.

मी राहतों त्या वसाहतीचीच गोष्ट सांगतों. विकणाऱ्यानें खांब उभे करून दिले; डी. पी. मात्र शेजारच्या जुन्या वस्तीचीच ठेविली. पहिलीं सहा घरें होईपर्यंत सर्व आनंद होता. चाळीस घरें झाल्यावर शेवटच्या ओळींत बल्ल्या रोवून तारा नेल्या गेल्या. त्या ओळींत एका घरीं दमेकरी वृद्ध मातोश्री होत्या. वैशाखांत रात्रीं त्यांच्या खोलींतील कूलर सुरूच होईना. त्यांचे चिरंजीव रात्रभर वर्तमानपत्रानें वारा घालीत बसत. पहिल्या ओळींतील आम्हां लोकांस याची वार्ताही नव्हती, कारण आमचे पंखे उत्तम फिरत. पुढें एका रविवारीं सर्व गृहस्थ एकत्र बसले, घरोघरीं जाऊन प्रत्येक यंत्राची यादी केली, बेरीज मांडली आणि ती अर्जास जोडली. नुसत्या तक्रारी पूर्वींही केल्या होत्या. त्यांचें कांहीं झालें नव्हतें. बेरजेचा कागद गेल्यावर स्थळपाहणी झाली. तरीही नवें रोहित्र बसावयास दोन उन्हाळे गेले. जें काम भूखंड विकण्यापूर्वीं एका कागदावर झालें असतें, त्यासाठीं चाळीस कुटुंबांस दोन वर्षें झिजावें लागलें.

आतां उपाय. पहिला उपाय जागेचा. राज्याच्या विकास नियमावलींत मोठ्या अभिन्यासांत वीज-उपकेंद्रासाठीं जागा देण्याची तरतूद आहे. ती जागा वसाहतीच्या मध्यावर असावी. पुष्कळदां ती कोणास विकतां न येणाऱ्या कोपऱ्यांत, नाल्याच्या कडेस दिलेली आढळते. रोहित्र कोपऱ्यांत ठेविलें कीं तार वसाहतीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जाते. मध्यावर ठेविलें तर तोच पल्ला निम्मा होतो. एका मोठ्या डी. पी. ऐवजीं दोन लहान डी. पी. दोन ठिकाणीं बसविल्या तर पल्ला आणखी घटतो, आणि एक बिघडली असतां दुसरीवरून निदान पंख्या-दिव्यांपुरती सोय करतां येते. अकरा हजारांची तारही दोन बाजूंनीं येऊं शकेल अशी आंखावी, म्हणजे एका बाजूस झाड पडलें तरी सबंध वसाहत काळोखांत बसत नाहीं.

दुसरा उपाय जाडीचा. तार एकदां ओढली कीं बदलणें महाग. म्हणून ती आजच्या साठ किलोवॉटची नव्हे, पुढच्या दोनशेंची धरून ओढावी. रोहित्र मात्र आज शंभराचें बसवून उद्यां दोनशेंचें करतां येतें. चौथरा आणि जागा तेवढी आधींच मोठी ठेवावी. घरांची जोडणी तिन्ही फेजवर सारखी वांटावी. सोयीची पडते म्हणून एकाच फेजवर निम्मी वसाहत टांगली, तर दोन फेज रिकाम्या आणि एक घामाघूम अशी अवस्था होते. आतां विजेवर चालणाऱ्या दुचाक्या आणि मोटारीही घरोघरीं येऊं लागल्या आहेत. त्या रात्रीं दहा वाजतांच भारावयास लावल्या तर वरील हिशेबांत आणखी भर पडेल. पहाटे किंवा दिवसां लावल्या तर त्याच तारेंतून त्या सुखानें भारल्या जातील.

तिसरा उपाय तारेचा नसून घराचा आहे. आपल्या वऱ्हाडांत धाब्याचीं घरें होतीं. जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचेंच धाबें. त्यांत इतर अडचणी पुष्कळ असतील, पण उन्हाळ्याची दुपार तीं अडवीत. आज आपण चार इंची भिंत आणि उघडा सिमेंटचा स्लॅब घालतों, दिवसभर तो तापूं देतों, आणि रात्रभर विजेनें तो निवविण्याचा प्रयत्न करतों. केंद्र सरकारनें २०१८ सालीं घरांच्या बांधणीसाठीं 'ईको निवास संहिता' काढली. भिंती, खिडक्या व छप्पर यांतून किती उष्णता आंत यावी याचें माप तींत घालून दिलें आहे. तें सर्व गणित न करतांही इतकें तर करतां येईल: गच्चीस पांढरा लेप, पश्चिमेच्या भिंतीस सावली, खिडकीवर पुरेसा सज्जा, आणि रस्त्याच्या ज्या बाजूस तारा नाहींत त्या बाजूस कडुनिंब. पंख्याचेंही पाहा. जुना पंखा पंचाहत्तर वॉट घेतो. नव्या बनावटीचा तितकाच वारा तीस वॉटच्या आसपास देतो. शंभर घरीं चार-चार पंखे बदलले तर अठरा किलोवॉटची बचत. म्हणजे एक डझन वातानुकूल यंत्रांइतकी.

चौथा उपाय सूर्याचा. ऊन ही आपली मोठीच दौलत आहे. गच्चीवरील एक किलोवॉटचें सौर संयंत्र दिवसास सरासरीनें चार युनिटें देतें. तीन किलोवॉटचें संयंत्र महिन्यास साडेतीनशेंच्या आसपास. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या पी. एम. सूर्यघर योजनेंत दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटास तीस हजार रुपये, आणि तीन किलोवॉट व त्यापुढें एकंदर अठ्ठ्याहत्तर हजार रुपये इतकें अनुदान ठेविलें गेलें. साताऱ्याकडील पाटण तालुक्यांतील मान्याचीवाडी हें लहानसें गांव २०२४ सालीं राज्यांतील पहिलें सौरग्राम म्हणून नांवाजलें गेलें. आपण मागें राहण्याचें कारण नाहीं.

परंतु येथेंही शेवटचें घर विसरूं नये. सूर्य मावळतो सात वाजतां, आणि आपली अडचण रात्रीं दहाची. नेट मीटरमुळें दिवसां दिलेल्या युनिटांची वजावट बिलांत मिळते, पण त्यामुळें रात्रीं तारेवरील भार रतीभरही कमी होत नाहीं. उलट भर दुपारीं, घरें बंद असतां, सर्व गच्च्यांवरील वीज त्याच बारीक तारेंतून उलट वाहूं लागते आणि शेवटच्या घरीं दाब प्रमाणाबाहेर चढतो. म्हणूनच राज्याच्या वीज नियामक आयोगानें २०१९ च्या नियमांत एका रोहित्रावर जोडावयाच्या अशा संयंत्रांस त्याच्या क्षमतेच्या सत्तर टक्क्यांची मर्यादा घातली होती. तात्पर्य, सौर वीज ही चांगल्या तारेची सोबतीण आहे. ती तिची जागा घेऊं शकत नाहीं. गुजरातेंत मोढेरा हें गांव ऑक्टोबर २०२२ मध्यें दिवसरात्र सूर्याच्या विजेवर चालणारें म्हणून जाहीर झालें, तें केवळ पत्र्यांच्या बळावर नव्हे, तर दिवसाची वीज रात्रीसाठीं सांठविणाऱ्या मोठ्या बॅटऱ्यांच्या जोडीनें. नव्या वसाहतींत प्रत्येकानें घरीं इन्व्हर्टर घेण्यापेक्षां सर्वांनीं मिळून रोहित्राजवळ एक सामाईक सांठा करण्यासाठीं चार हात जागा आजच राखून ठेवावी, एवढें मी सुचवितों. बॅटऱ्या पुढेंमागें येतील. जागा मात्र मागाहून मिळत नाहीं.

आणखी एक गोष्ट. भारनियमनाच्या काळांत राज्यांत 'अक्षय प्रकाश' नांवाची योजना निघाली होती. तींत गांवकऱ्यांनीं आपापसांत ठरवून सायंकाळच्या वेळीं पंप व मोठीं यंत्रें बंद ठेवावयाचीं, आणि त्याबद्दल गांवाला सायंकाळीं दिव्या-पंख्यांपुरती वीज अखंड मिळावयाची, असा करार होता. अनेक गांवांनीं तो पाळून दाखविला. शहरांतील शिकल्यासवरल्या वसाहतींस हें अशक्य असूं नये. धुण्याचें यंत्र, इस्त्री, पाण्याचा पंप आणि गाडीचें भारणें रात्रीं आठ ते अकरा टाळावें, एवढा एक ठराव वसाहतीच्या सभेंत केला, तर त्याला खर्च शून्य लागतो.

शेवटीं, ज्या गृहस्थांस भूखंड घ्यावयाचा आहे त्यांस माझी विनंती कीं, बयाणा देण्यापूर्वीं पांच प्रश्न विचारावे आणि उत्तरें लेखी घ्यावीं. या अभिन्यासासाठीं महावितरणची तांत्रिक मंजुरी घेतली आहे काय? डी. पी. किती क्षमतेची, आणि ती किती घरें व दर घरीं किती भार धरून ठरविली? ती नकाशावर नेमकी कोठें आहे, आणि तिच्यापासून माझा भूखंड किती अंतरावर? तारा व खांब यांचा खर्च विकणारा करणार कीं मागाहून आमच्या माथीं येणार? आणि सर्व भूखंड भरल्यावर क्षमता वाढविण्यास जागा सोडली आहे काय? विकणारा या प्रश्नांनीं रागावला तर त्याच्या रागांतच उत्तर मिळालें असें समजावें. ज्यांचीं घरें आधींच झालीं आहेत त्यांनीं येत्या उन्हाळ्यापूर्वीं एकदां आपल्या तारेच्या शेवटच्या घरीं जाऊन यावें, तेथील मंडळींची विचारपूस करावी, आणि सर्व घरांची बेरीज एका कागदावर मांडावी. पहिल्या घरच्या माणसानें शेवटच्या घरासाठीं सही केली कीं अर्जाला वजन येतें, हा आमचा अनुभव आहे.

आपल्या आयाबहिणी चैत्र-वैशाखांत वर्षाच्या पापड-कुरड्यांची बेगमी करतात. पावसाळा लागल्यावर कोणी कुरड्या वाळवावयास निघत नाहीं. विजेच्या बाबतींत तितकी दूरदृष्टि दाखविण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं.